वहिनींच्या भाचीचं स्थळ : विस्कॉन्सिनहून पत्रं

मॅडिसन, ४ जून

प्रिय नाना,


मी सुखरूप पोचलो. पण तुमचा निरोप माझ्याही आधी सुनंदाच्या फोनवर येऊन बसला होता. वहिनींच्या भाचीला सांगून आलेला मुलगा नेमका याच गावात नोकरीला, आणि तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता अशी कुणकुण तुमच्या कानावर. लेकीकडे निघालेल्या माणसाला लोक चॉकलेटं आणायला सांगतात. तुम्ही चौकशी सांगितलीत. कोर्टाचा शिरस्तेदार निवृत्त झाला तरी त्याला दप्तर दिसतं, हे तुम्हाला ठाऊक.

दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलं आहे. पट्टीच्या मधोमध राज्याच्या विधानभवनाचा पांढरा घुमट, आणि त्याच्यापासून चार पावलांवर डेन काउंटीचं कोर्ट. पण कोर्टात जायची गरज आधी पडलीच नाही. विस्कॉन्सिनच्या सर्किट कोर्टांच्या, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयांसारख्या कोर्टांच्या नोंदी १९९९ पासून इंटरनेटवर खुल्या आहेत. इथली माणसं त्याला ‘सीकॅप’ म्हणतात. आपल्याकडे ई-कोर्ट्सवरही पक्षकाराचं नाव टाकता येतं, पण जिल्हा सांगा, कोर्टाचं संकुल सांगा, वर्ष सांगा. इथे नाव टाकलं की बहात्तर काउंट्या एकदम पुढ्यात. वकीलपत्र नको, अर्ज नको, पैसा नको.

सुनंदाला हे माझ्याइतकं नवलाचं वाटत नाही. ती म्हणाली, “बाबा, इथे घर भाड्याने देणारा बघतो, मुलांना सांभाळायला बाई ठेवणारा बघतो, शेजारीही बघतात.” जावई हळूच म्हणाले, “आणि लग्न ठरवणारेही.”

आज एवढंच. झोपेचं गणित अजून जुळलेलं नाही.

आपला,
अनंत

---

मॅडिसन, ११ जून

प्रिय नाना,

तुम्ही सांगितलेल्या मुलाचं नाव टाकलं. आपल्याकडचं नाव-आडनाव, त्यामुळे एकच माणूस निघेल अशी आशा नव्हतीच. एक निघाला तो वयाने मुलाच्या बापाच्या बरोबरीचा. दुसरा वयाने जुळतो, पण त्याच्या नावावर फक्त जास्त वेगाने गाडी हाकल्याची पावती आहे, दंडही भरलेला. दारूचं काही नाही. वहिनींना हे लगेच कळवू नका. खाली लिहितो ते आधी वाचा.

इथल्या खटल्याच्या क्रमांकातच अर्धी गोष्ट असते. आधी वर्ष, मग दोन अक्षरं, मग आकडा. अक्षरं ‘टीआर’ असतील तर नुसता वाहतुकीचा दंड. ‘सीटी’ असेल तर वाहतुकीचाच, पण फौजदारी. ‘सीएफ’ म्हणजे गंभीर गुन्हा. आणि आता बसून वाचा, नाना: दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला प्रकार या राज्यात ‘टीआर’मध्ये मोडतो. तो गुन्हाच नाही. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत असं हे एकच राज्य. दंड १५० ते ३०० डॉलर, वर ४३५ डॉलरचा अधिभार, कोर्टखर्च वेगळा, आणि सहा ते नऊ महिने परवाना रद्द. तुरुंग नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, २०१९ पासून दंडही दहा हजारांपर्यंत. शिवाय आपली मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, इथली ऐंशी. म्हणजे साताऱ्यात जो आरोपी ठरला असता, तो इथे पोलिसाला शुभरात्री म्हणून घरी जातो.

का असं, ते गावात फिरलं की समजतं. जर्मन लोकांनी वसवलेला मुलूख, मिलवॉकीत बिअरचे कारखाने वाढले, आणि शुक्रवारी संध्याकाळी मासे खायला सगळं कुटुंब गुत्त्यात जातं. गुत्ता म्हणालो खरा, पण तिथे आजी असते, नातू असतो. आईबाप सोबत असतील आणि मालकाची हरकत नसेल तर अल्पवयीन मुलालाही कायद्याने पेला मिळतो. मद्यगृहमालकांची टॅव्हर्न लीग नावाची संघटना १९३५ पासून आहे आणि विधानभवनात तिचा शब्द जड आहे. आपली एकतीस डिसेंबरची नाकाबंदी इथे शक्यच नाही: सरसकट गाड्या अडवून तोंडाचा वास घ्यायला या राज्याच्या कायद्याने मनाई आहे. गाडी वेडीवाकडी चालली, दिवा फुटका असला, तरच पोलीस थांबवणार.

मात्र दुसऱ्या वेळेपासून कायद्याचे दात दिसू लागतात. दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर फौजदारी, निदान पाच दिवस तुरुंग. तिसऱ्या वेळी निदान पंचेचाळीस दिवस. चौथी वेळ २०१७ पासून सरळ गंभीर गुन्ह्यात. तिसऱ्या वेळेपासूनची मोजणी दहा वर्षांची नसते, आयुष्याची असते. १ जानेवारी १९८९ पासूनचा प्रत्येक दोष धरला जातो, दुसऱ्या राज्यातला असला तरी. आपण जुनी दप्तरं नाशाच्या यादीत घालायचो, त्याची मला उगाच आठवण झाली.

परवा मी कोर्टात जाऊन बसलो. हॅमिल्टन स्ट्रीटवरची उंच नवी इमारत. दारात यंत्रातून जायचं, मग कुणी विचारत नाही तुम्ही कोण. पुकारा करणारा पट्टेवाला नाही, हा मला मोठा अभाव वाटला. दुसऱ्या वेळेचं एक प्रकरण चाललं होतं. साठीचा गृहस्थ, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, मागच्या बाकावर बायको. त्याच्या गाडीला यंत्र बसवायचा हुकूम झाला: नळीत फुंकर मारून श्वास स्वच्छ निघाल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, बायको ती गाडी चालवते, तिनेही फुंकायचं का? न्यायाधीश म्हणाल्या, हो. बाईंनी मान खाली घातली नाही, उलट नवऱ्याकडे असं काही पाहिलं की मला त्याच्याबद्दल कणव आली.

नंतर खाली नकलांच्या खिडकीशी गेलो. सीकॅपवर फक्त रोजनामा दिसतो. कागद पाहायचे तर इथे यावं लागतं. नक्कल सव्वा डॉलर पान, प्रमाणित हवी तर वर पाच डॉलर. खिडकीतल्या मुलीला मी सांगितलं की मीही याच खात्यातला. तिने विचारलं, “तुमच्याकडे नक्कल किती दिवसांत मिळते?” मी हवामानाबद्दल बोललो.

आपला,
अनंत

---

मिलवॉकी, १६ जून

प्रिय नाना,

जावयांच्या मित्राकडे आलो आहे. तो इथे वकिली करतो. त्याच्यापुढे तुमचं प्रकरण ठेवलं, नाव न घेता. तो हसला आणि म्हणाला, “सीकॅपवर नाही म्हणजे झालंच नाही, असं कोण म्हणालं?”

मुद्दा असा. पहिली वेळ गुन्हा नाही, म्हणून शहरांनी स्वतःच्या नियमांतही तीच तरतूद करून ठेवली आहे, आणि ती प्रकरणं शहराच्या म्युनिसिपल कोर्टात चालू शकतात. म्युनिसिपल कोर्टाच्या नोंदी सीकॅपवर सहसा येत नाहीत. मिलवॉकीने आपल्या म्युनिसिपल कोर्टाचा शोध वेगळा खुला ठेवला आहे. सगळीकडे तसं नाही. म्हणजे तोच माणूस, तीच बिअर. शहराच्या पोलिसाने म्युनिसिपल कोर्टाची पावती फाडली तर इंटरनेटवर नाव नाही, आणि हद्दीबाहेर शेरीफच्या माणसाने धरलं तर बहात्तर काउंट्यांना दिसणार. परवाना खात्याकडे मात्र दोन्हींची नोंद जाते, आणि पुढची मोजणी तिथूनच होते.

उलट बाजूही आहे. खटला काढून टाकला गेला तर दोन वर्षांनी ती नोंद संकेतस्थळावरून उतरते, पण तेवढ्या काळात ज्याला बघायचं त्याने बघितलेलं असतं. निर्दोष सुटलेलाही त्या यादीत असतो. म्हणून संकेतस्थळावरच सूचना आहे की नोंद दिसते म्हणून कामावर घेताना भेदभाव केला तर तो बेकायदा ठरू शकतो. कामाशी खरा संबंध असेल तर गोष्ट निराळी. शाळेच्या बसवर चालक ठेवायचा असेल तर बघायलाच हवं. सोयरिकीबद्दल त्या सूचनेत काही नाही.

आपल्या मुलांची एक वेगळी धास्ती त्याने सांगितली. इथे नोकरीवर आलेल्या परदेशी माणसाला यात नुसती अटक झाली, दोष ठरायच्या आधीच, तरी त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. देशात असेपर्यंत नोकरी चालू राहते, पण एकदा घरी लग्नाला गेला की परतायला नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, आणि वकिलातीची मर्जी. तेव्हा मुलगा दोन-तीन वर्षं गावाकडे फिरकला नसेल, तर त्याची कारणं अनेक असू शकतात, नाना. तिकिटं महाग असतात, हेही एक कारण आहे. तुम्ही कुणकुणीत कुणकुण मिसळू नका.

वहिनींना असं सांगा: विस्कॉन्सिनच्या सर्किट कोर्टांच्या खुल्या नोंदींत या नावावर दारूचं प्रकरण आढळलं नाही. एवढंच, याच शब्दांत. ‘स्वच्छ आहे’ असं म्हणू नका, आणि ‘तपास चालू आहे’ असंही नको. म्युनिसिपल कोर्टात जाऊन मी विचारणार नाही. जाऊ शकतो, तिथे कुणी अडवणार नाही, म्हणूनच जाणार नाही. मुलीला त्याचा फोन नंबर दिलेला आहे ना? मग सव्वा डॉलर कशाला खर्चायचा.

बुधवारी मॅडिसनला परत. सौ.ना सांगा, इथे कढीपत्ता मिळतो, पण कुंडीतला. तोडायला मन होत नाही.

आपला,
अनंत