डंकावरची सोनबाई

एप्रिल निम्मा सरला की कराडात चटणीचे दिवस येतात. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात, डंकापुढं बायांची रांग लागते, आणि नाकातोंडाला पदर बांधला तरी ठसका चुकत नाही. मला हटकून स्मिता पाटील आठवते. 'मिर्च मसाला'मधली सोनबाई. सुभेदाराला न बधता मिरचीच्या कारखान्यात शिरलेली. शेवटी तिथल्याच बाया तिखट त्याच्या डोळ्यांत उधळतात. चित्रपट आला १९८७ला; ती १३ डिसेंबर १९८६लाच गेली होती. वय ३१, मूल पंधरा दिवसांचं.

ती काही आमच्याकडची नव्हे. जन्म पुण्याचा, घराणं शिरपूरचं. वडील शिवाजीराव समाजवादी, पुढं मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका. दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढं बसायची म्हणतात. तिच्या डोळ्यांवर सगळ्यांनी लिहून झालंय. मला तिची बसण्याची ढब जास्त भावते. 'मंथन'च्या चित्रीकरणाला आलेल्यांना गावच्या बायांत बसलेली नायिका ओळखूच येईना, असा किस्सा आहे. मला तो पटतो. तशी उकिडवी बसलेली बाई आमच्या मंडईत भाजीच्या पाटीमागं रोज दिसते.

'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांना तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण 'चक्र'मधल्या झोपडपट्टीतल्या बाईची उघड्यावरची आंघोळ पोस्टरवर आली, तेव्हा ती तिला सलली आणि तिनं ते बोलून दाखवलं. मुंबईच्या विमेन्स सेंटरमध्येही तिचं जाणं-येणं होतं. बाईचं दुःख तिनं चेहऱ्यावर चढवलं आणि मेकअपबरोबर पुसून टाकलं, असं झालं नाही.

१९८२चा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' मात्र मला आजही थोडा अस्वस्थ करतो. सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या कारभाराशी भांडते, राजीनामा देऊन घरी येते. नवऱ्यानं दुसरी जवळ केलेली. ती पुन्हा बाहेर पडते. स्मितानं हे सारं आवाज न चढवता केलंय, फार मोठं काम आहे ते. पण सुलभा शिकलेली. बाहेर पडली तरी नोकरी तिची वाट बघत असणार. आमच्याकडच्या टाकलेल्या बायांचं तसं नव्हतं.

कराडहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की कासेगाव येतं. तिथल्या इंदूताई पाटणकर इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या, आणि समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून येऊन तिथल्याच झालेल्या. ऐंशीच्या दशकात त्यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं नवऱ्यानं टाकलेल्या बायांचा प्रश्न वेशीवर टांगला. 'उंबरठा' जिथं संपतो तिथं या बायांचं सुरू व्हायचं. माहेरी भाऊ-भावजय, सासरी कुलूप, रानात दुसऱ्याचं खुरपण. त्यांची पहिली मागणी फार साधी होती: रेशनकार्ड आमच्या नावावर द्या. नवऱ्याच्या कार्डावरचं रॉकेल आम्ही कुठल्या तोंडानं मागायचं?