दोन हजार यार्ड

शनिवारी सकाळी मामांकडे गेलो होतो. किन्हईला. आता हे किन्हई कुठे, असं विचाराल. देहूरोड स्टेशनला उतरलात की देहूच्या बाजूला थोडं आत. तसं छोटंसं गाव. गोठे, पत्र्याची घरं, मारुतीचं देऊळ. आणि गावाला लागून लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. उंच गवत, काटेरी तार, 'प्रवेश निषिद्ध'ची पाटी. लहानपणी सुट्टीत आम्ही त्या तारेपाशी क्रिकेट खेळायचो. बॉल आत गेला की मॅच संपली. आणायला जायची कुणाची हिंमत नव्हती.

तर झालं असं, की मामेभावाचं लग्न ठरलंय. घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. वर दोन खोल्या चढवायच्या तर खर्च साधारण सहा लाख. पोरगा चाकणला कंपनीत परमनंट आहे, पगार बँकेत जमा होतो. मग होमलोन का नाही? तर नाही. कारण रेड झोन.

आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना हा शब्द फक्त ऐकून माहीत असतो. डेपोच्या हद्दीपासून 2000 यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी, त्याला आमच्याकडे रेड झोन म्हणतात. मूळ कायदा 1903 सालचा, इंग्रजांच्या काळातला. आत स्फोट झाला तर बाहेरच्या माणसांना इजा होऊ नये, हा हेतू. हेतूत काहीच चूक नाही. मी घरी येऊन मॅपवर मोजून बघितलं (सवय, दुसरं काय!). 2000 यार्ड म्हणजे 1829 मीटर, जवळजवळ दोन किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात किन्हईच काय, तळवडे, रुपीनगर, निगडी-यमुनानगरचाही भाग येतो. हजारो घरं. त्यातली कितीतरी कामगारांनी अर्धा-पाऊण गुंठा घेऊन, स्टँपपेपरवर व्यवहार करून बांधलेली. जमिनीवर ही रेषा कुठेच दिसत नाही. पण बँकेच्या माणसाला पत्ता सांगितला, की त्याच्या चेहऱ्यावर बरोबर दिसते.

मागे ऑनसाईटला बफेलोला होतो. तिथून तासाभराच्या आत आयर्विंग नावाची वस्ती आहे, सेनेका लोकांच्या कॅटरॉगस रिझर्वेशनला लागून. ऑफिसातले लोक तिकडे पेट्रोल भरायला जायचे, कारण सेनेकांच्या पंपावर राज्याचा कर न लावता मिळायचं. रेषा ओलांडली की कायदा बदलतो, याची मला तेव्हा फार गंमत वाटली होती. नंतर वाचलं, की 1794 च्या तहाने सेनेकांना जमिनीची हमी दिलेली असूनही 1960 च्या दशकात किंझुआ धरणासाठी त्यांच्याच दुसऱ्या रिझर्वेशनची सुमारे दहा हजार एकर जमीन घेतली. मग गंमत संपली.

किन्हईत ते उलटं आहे. कुंपण डेपोचं, पण त्याचा नियम बाहेरच्यांना पाळावा लागतो. डेपो आला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, गाव त्याच्या आधीपासूनचं. आजोबांचं एक शेत आता तारेच्या आत आहे. मामा तिकडे बोट दाखवून अजूनही 'आपलं वावर' म्हणतात.

दाद मागायची कुठे, तर गाव कॅन्टोन्मेंटमध्ये. 2023 मध्ये कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि महिन्याभरात रद्दही झाल्या. म्हणजे हक्काचा नगरसेवकसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "दादा, तुझ्या नावावर पर्सनल लोन निघेल का? हप्ता मी भरीन." व्याज होमलोनच्या दीडपट. आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पाडापाडीचा. उद्या नोटीस आली तर? सहा लाख गेलेच की! शिवाय पुढच्या वर्षी मलाही फ्लॅटचं डाउनपेमेंट करायचंय.

मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही रावेतला भाड्याने का नाही बघत?"

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "बघू की. पण म्हशी कुठं बांधायच्या, ते तेवढं सांग."

मला काही उत्तर सुचलं नाही. पोरीच्या घरचे खोल्या बघून गेलेत आणि भाऊ एकतीसचा आहे, एवढंच मामी म्हणाल्या.

रविवारी बाबांशी बोललो आणि लोनचा अर्ज भरला. हिशेबाने चूकच आहे, मला माहीत आहे. फोन केला तर मामा म्हणाले, "थांब, लिहून देतो. स्टँपपेपर आणू का?"

नको म्हणालो. त्या गावात स्टँपपेपर आधीच फार झालेत.

असो. लग्न दिवाळीनंतर आहे. तोवर स्लॅब पडला पाहिजे.