उभे इंजिन, चालते इंजिन

वाफेचे इंजिन जतन करण्याच्या दोन पद्धती जगभर रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत सेवेतून निवृत्त झालेले इंजिन रंगरंगोटी करून स्थानकासमोरच्या किंवा संग्रहालयाच्या आवारातल्या चौथऱ्यावर उभे केले जाते. दुसऱ्या पद्धतीत त्याचा बॉयलर पुन्हा चाचणीत उतरवून, भट्टी पेटवून, ते खऱ्या रुळांवर प्रवाशांचे डबे ओढण्यासाठी वापरले जाते, आणि अशा गाड्या ज्या मार्गावर मुद्दाम चालवल्या जातात त्या मार्गाला वारसा रेल्वे म्हणतात. वरवर पाहता या एकाच कामाच्या दोन पायऱ्या वाटतात; प्रत्यक्षात दोन्हींत टिकून राहते ती गोष्टच वेगळी असते. चौथऱ्यावर धातू उरतो. चालत्या इंजिनाबरोबर ते पेटवण्याची, हाकण्याची, दुरुस्त करण्याची आणि त्याच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या उरते, आणि वारसा रेल्वेच्या भेटीतला आनंद हा बहुतांशी ही विद्या कामाला लागलेली पाहण्याचा आनंद असतो.

ही विद्या नेमकी कशाची, हे कळण्यासाठी इंजिनाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. भट्टीतले तप्त वायू बॉयलरमध्ये आडव्या बसवलेल्या अनेक नळ्यांतून वाहत पुढे जातात आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ करतात. ही दाबाखालची वाफ रेग्युलेटर नावाच्या झडपेतून सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ढकलते, आणि तिचे काम झाले की धुराड्याखालच्या तोटीतून जोराने वर फेकली जाते. वाफेच्या गाडीचा जो तालबद्ध आवाज सर्वांच्या ओळखीचा आहे, तो या फेकल्या जाणाऱ्या वाफेचा असतो. ती वर जाताना धुराड्याखालच्या पेटीतला धूर बरोबर घेऊन जाते, तिथला दाब कमी होतो, त्यामुळे नळ्यांतून वायू ओढले जातात आणि भट्टीतल्या जाळाला हवा मिळते. परिणामी चढावर इंजिनाला जितके कष्ट पडतात तितका हा झोत जोरकस होतो आणि तितकाच जाळही फुलतो, म्हणजे गरज वाढली की पुरवठा आपोआप वाढतो. स्टीफन्सन पितापुत्रांच्या १८२९ सालच्या ‘रॉकेट’ इंजिनात अनेक नळ्यांचा बॉयलर आणि हा झोत यांचा मेळ बसला आणि पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बहुतेक इंजिनांचा गाभा तोच राहिला. यंत्रविद्येच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी देखणी योजना विरळाच सापडते.

मात्र ही योजना माणसावाचून चालत नाही. पुढचा चढ केव्हा येणार हे ओळखून फायरमनला कोळसा आधीच, पातळ थरात आणि भट्टीच्या नेमक्या कोपऱ्यात टाकावा लागतो. चढ लागल्यावर घाईने ओतलेला कोळसा जाळ थंड करतो. भट्टीच्या छतावर पाणी सदैव असावे लागते, कारण ते उघडे पडले तर पत्रा तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून छतात शिशाचे बूच बसवलेले असते, जे पाणी कमी होताच वितळून धोक्याची सूचना देते. ते बूच वितळणे ही फायरमनच्या दृष्टीने मोठी नामुष्की मानली जाई. थंड इंजिन पेटवायलाही घाई चालत नाही. भट्टी, नळ्या आणि बाहेरचा पत्रा वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावत असल्याने कित्येक तास मंद आच ठेवून दाब वाढवावा लागतो. सकाळी दहाला सुटणाऱ्या गाडीचे काम त्यामुळे पहाटेपूर्वीच शेडमध्ये सुरू झालेले असते.

अशी विद्या जपण्याची आधुनिक चळवळ वेल्समधल्या एका छोट्या मार्गावर सुरू झाली. टॅलिथिन रेल्वे ही ब्रिन एग्लुइस येथील पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेली, अवघ्या ६८६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची रेल्वे. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली, तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल असे वचन दिले होते आणि ते पाळले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रूळ झिजलेले होते आणि लाकडी स्लीपर कुजलेले. रुळांना जागेवर धरून ठेवण्यात रुजलेल्या गवताचाच वाटा मोठा होता. लेखक व अभियंते टॉम रोल्ट यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलावली आणि स्वयंसेवकांनीच ही रेल्वे चालवावी असा प्रस्ताव मांडला. तोपर्यंत जगात कुठेही असा प्रयोग झालेला नव्हता. १४ मे १९५१ रोजी त्यांची पहिली गाडी धावली, तेव्हा कामाचे इंजिन एकच होते, १८६६ सालचे ‘डॉलगॉख’. जवळच्या, बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची त्याच रुंदीची दोन इंजिने मिळून ५० पौंडांना मिळाली, परंतु त्यांतले एक रुळांमध्ये खाली घसरू लागले, कारण जुन्या रुळांमधले अंतर फाकलेले होते आणि त्याच्या चाकांची कड अरुंद होती. इंजिन वाचवणे म्हणजे रूळ वाचवणे, आणि रूळ वाचवणे म्हणजे फावडे घेऊन पावसात उभे राहणे, हा धडा त्या मंडळींना पहिल्याच हंगामात मिळाला. १९५२ मध्ये तिथे गार्डचे काम केलेले रेव्हरंड ऑड्री हे ‘थॉमस’ इंजिनाच्या बालकथांचे लेखक. त्यांच्या पुढच्या काही पुस्तकांतली अरुंद रुळांची रेल्वे थेट या अनुभवातून आलेली आहे. हौशी माणसांना रेल्वे चालवता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर १९६० मध्ये ब्लूबेल रेल्वेने पूर्ण रुंदीच्या मार्गावरही तोच प्रयोग यशस्वी केला.

मार्ग मिळू लागले तरी त्यांवर धावायला इंजिने हवी होती, आणि ती मिळाली याचे श्रेय विचित्र वाटले तरी एका भंगारवाल्याला जाते. ब्रिटिश रेल्वेने १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर हजारो इंजिने मोडीत काढली आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची सेवा बंद केली. दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदरात डाय वुडहॅम यांच्या आवारात एकूण २९७ इंजिने येऊन पडली. मालडबे तोडणे अधिक सोपे असल्याने वुडहॅम यांनी आधी तेच काम हाती घेतले, इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली, आणि १९६८ पासून हौशी संस्था त्यांतले एकेक विकत घेऊ लागल्या. पैसे जमेपर्यंत एखाद्या संस्थेसाठी इंजिन राखून ठेवण्याची वुडहॅम यांची तयारी असे. १९९० पर्यंत २१३ इंजिने तिथून सुखरूप बाहेर पडली. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हे त्यांतले सर्वांत अवघड प्रकरण होते, कारण १९५४ साली बांधलेल्या आणि आपल्या जातीच्या या एकमेव इंजिनाचे बाहेरचे सिलिंडरच नाहीसे झालेले होते. ते नव्याने ओतून, झडपांची दुर्मीळ यंत्रणा पुन्हा घडवून १९८६ मध्ये ते चालते करण्यात आले.

इथे जतनाच्या अभ्यासकांपुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून, नळ्या काढून, आतून तपासावा लागतो. प्रत्येक वेळी काही पत्रे, काही नळ्या आणि काही खिळे नवे येतात, आणि अनेक दशकांनंतर मूळ धातूचा किती अंश शिल्लक आहे हे सांगणे कठीण होते. मूळ वस्तूला हात लावू नये असे मानणाऱ्या संग्रहालयशास्त्राला हे खटकते आणि त्याचा आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. एखाद्या प्रकारचे जगात एकच इंजिन उरले असेल आणि त्याच्या मूळ अवस्थेवरून काही शिकण्यासारखे असेल, तर ते न पेटवणेच योग्य. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते इतर इंजिनांच्या बाबतीत चालते ठेवण्याचे पारडे जड आहे, कारण वापरात असतानाही या यंत्रांचे भाग असेच बदलले जात होते, आणि बदलणे हाच त्यांच्या आयुष्याचा मूळ क्रम होता. २००८ मध्ये डार्लिंग्टनला पूर्ण झालेले ‘टॉर्नेडो’ हे इंजिन या विचाराचे टोक म्हणता येईल: ज्या जातीची सर्व ४९ इंजिने भंगारात गेली, तिचे पन्नासावे इंजिन लोकवर्गणीतून नव्याने बांधले गेले, आणि त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेन कारखान्यातून आणावा लागला, कारण असा बॉयलर घडवणारे हात ब्रिटनमध्ये उरले नव्हते.

भारतात ते हात काही ठिकाणी अजून कामावर आहेत. निलगिरीच्या मार्गावर कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ साधारण १२ ला १ इतका तीव्र असल्याने दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवलेली आहे. इंजिन गाडीच्या खालच्या टोकाला राहून ती वर ढकलते आणि तिथे त्याची दुसरी सिलिंडरजोडी दातेरी चाक फिरवू लागते. पट्टी सुरू होताच इंजिनाच्या आवाजाची लय बदलते, आणि हा बदल ऐकणे हा या प्रवासातला सर्वांत मोठा लाभ आहे. इथली जुनी इंजिने स्विस असली तरी २०११ पासून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या मार्गासाठी नवी इंजिने बांधली, ही भारतीय रेल्वेच्या अलीकडच्या कामांतली विशेष अभिमानाची गोष्ट आहे. दार्जिलिंगला ‘बी’ वर्गाच्या इंजिनावर ड्रायव्हर व फायरमनखेरीज कोळसा फोडणारा माणूस असतो आणि पुढच्या बाजूला बसून ओल्या रुळांवर हाताने वाळू सोडणारेही असतात. तिथे विद्या पुस्तकातून नव्हे, शेजारी उभे राहून शिकली जाते. १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ आणि रेवाडीच्या शेडमधली ‘अकबर’सारखी ब्रॉडगेज इंजिने अधूनमधून धावतात, पण अधूनमधून धावणाऱ्या इंजिनावर नवा माणूस तयार होणे कठीण असते.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा लहान नाही. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेतली तत्त्वे त्यांनीच पुढे १९०४ च्या इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेत वापरली. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद झाली, तिची दोन्ही इंजिने मोडली गेली आणि आज त्या वाटेवर लोक चालायला जातात. इकडे बार्शीचा मार्ग ब्रॉडगेज झाला. माथेरानची १९०७ सालची, घाटातल्या तीव्र वळणांसाठी लवचीक आसांची जर्मन इंजिने डिझेलपुढे मागे पडली, आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या ‘शकुंतला’ या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत टिकले. यांतले काहीही आज नियमितपणे वाफेवर चालत नाही. माथेरानचा मार्ग रुळांसकट शाबूत आहे, पर्यटक तिथे आधीच येतात, म्हणून वाफेचे इंजिन हंगामात नियमित चालवण्याचा प्रयत्न राज्यात कुठे व्हायचा असेल तर तो तिथेच व्हावा.

वारसा रेल्वेला जाणाऱ्याने डब्यात जाऊन बसण्याआधी शक्य असेल तिथे परवानगी घेऊन शेड पाहावे, नळ्यांतली राख काढणाऱ्यांशी बोलावे आणि चढावर खिडकी उघडी ठेवून झोताचे ठोके ऐकावेत. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी संपली, म्हणजे त्या दिवशी पंचविशीत असलेला फायरमनही आता पंचावन्नच्या आसपास किंवा पुढे गेला आहे, आणि ड्रायव्हर तर बहुतेक सर्व वृद्ध आहेत. ज्यांच्या घरी, आळीत किंवा रेल्वे वसाहतीत असे निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर किंवा बॉयलरमेकर असतील, त्यांनी त्यांचे काम त्यांच्याच शब्दांत, हातांच्या हालचालींसह, याच वर्षी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवावे.