टोपलीखालचा चेहरा

यमुनेतून निघालेला वसुदेव रंगवायला घेतला की पहिला पेच पडतो चंद्राचा. कॅलेंडरांवर सर्रास पौर्णिमेचा वाटोळा चंद्र दिसतो. पण कृष्णजन्माच्या रात्री, श्रावण वद्य अष्टमीला, चंद्र उगवतो तोच मध्यरात्रीच्या सुमारास, तोही अर्धा. त्यात आभाळ पावसाळी. चांदण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. उजेड बाळाचाच घ्यावा लागतो.

खरी गोम इथेच आहे. इटलीच्या कोरेजिओने १५३०च्या सुमारास येशूजन्माची रात्र रंगवली, तिच्यातही उजेड बाळाचाच. पण ते बाळ गोरं, आईच्या पुढ्यात निजलेलं; उजेड थेट तिच्या तोंडावर. आपलं बाळ सावळं आणि बापाच्या डोक्यावर. टोपलीचं बूड मध्ये आलं की वसुदेवाचा चेहराच काळोखात जातो. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांत ही भानगड नाही. सपाट रंग, ठसठशीत रेषा, कुणाची सावली कुणावर नाही. छायाप्रकाशाचं हे लचांड आपल्याकडे तैलरंगाबरोबर आलं. औंधला संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं पाहताना कळतं, एकदा सावली पत्करली की ती शेवटपर्यंत निभवावी लागते.

मी सावळा रंग उजळत नाही, भोवतालचं उजळतो. शेषाच्या फण्याची खालची बाजू, टोपलीचा काठ, वसुदेवाचे वर धरलेले हात. टोपली बुरडाची, तेव्हा विणीतून दोन-चार कवडसे खांद्यावर गळतात. चेहऱ्यासाठी पाणी कामी येतं. काठावरून सांडलेला उजेड पाण्यावर आपटून हनुवटीखाली चढतो. मात्र खालच्या उजेडाने माणूस भेसूर दिसतो. मूर्तीच्या पायाशी एकच समई ठेवून बघा. म्हणून तो मंद, मातकट ठेवायचा. तो रंग मी सांगलीच्या आयर्विन पुलावरून उचलला. श्रावणात कृष्णा गढूळ असते, दिव्यांची प्रतिबिंबं तांबूस होऊन लांबच लांब ओघळतात. ट्यूबमधला काळा मी वापरतच नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळलं की काळोख हवा तिकडे झुकवता येतो, निळ्याकडे किंवा तपकिरीकडे.

सांगलीच्याच एका गिऱ्हाइकाने देवघरासाठी हे चित्र मागवलं. “वसुदेवाचं तोंड जरा उजळ करा की,” म्हणाले. मी ऐकलं नाही. तोंड उजळलं की उजेड बाळाचा राहत नाही. चकचकीत व्हार्निशही टाळलं, नाहीतर नेमक्या काळ्या भागात समईची ज्योत चमकली असती. मॅट लावलं, आणि समई चित्रासमोरून बाजूला सरकवायला सांगितली.