अण्णांनी न घेतलेली मजुरी

माणूस हयात असताना त्याचं ऋण मान्य करावं, तो समोर असताना करावं आणि चारचौघांत करावं. म्हणून हे आज लिहिते आहे. कोइमतूरच्या एका रेसिंग गॅरेजमध्ये मुख्य मेकॅनिक म्हणून आयुष्य घालवलेले आमचे अण्णा आता घरी असतात. मी टूरिंग कारच्या शर्यतींत जी काही वर्षं धावले, त्यांतला प्रत्येक लॅप मी त्यांच्या हातांच्या भरवशावर धावले.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे गाड्यांचं वेड घरोघरी. कार्टिंगचा ट्रॅकही आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. माझी सुरुवात कार्टिंगमध्येच झाली. त्यापुढे जायचं तर दक्षिणेची वाट धरावी लागते. देशातल्या मोटारींच्या सर्किट शर्यती वर्षानुवर्षं मुख्यतः दोन जागी होत आल्या. एक, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि दुसरा, कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे. २०११मध्ये ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट झालं, तरी शिकण्याची जागा दक्षिणच राहिली. कोल्हापूरवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्गच पुढे कृष्णगिरी, वेल्लोर करत इरुंगाट्टुकोट्टईवरून चेन्नईला पोचतो. त्या रस्त्यानं बाबांनी मला रात्र रात्र गाडी चालवत नेलं. एकदा मात्र ते मला कोइमतूरला घेऊन गेले आणि अण्णांना म्हणाले, "हिला चालवता येतं. बाकी तुम्ही बघा."

ते 'बाकी' किती मोठं असतं, हे अण्णांनी दाखवलं.

टूरिंग कार बाहेरून रस्त्यावरच्या मोटारीसारखीच दिसते. आत मात्र सीटा, गालिचा, एसी सगळं काढून टाकलेलं असतं. सांगाड्याला पोलादी नळ्यांचा रोल केज वेल्ड केलेला, एकच रेसिंग सीट, छाती-कमरेला आवळणारा हार्नेस. चेन्नईच्या उन्हात आतली हवा भट्टीसारखी तापते. आमची गाडी होती जुनी होंडा सिटी व्हीटेक, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. म्हणजे गाडी वळवायची पुढच्या टायरांनी, ओढायची त्यांनीच, आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. पुढचे टायर शेवटच्या लॅपपर्यंत जो जपतो, त्याची गाडी शेवटच्या लॅपलाही वळते. बाकीच्यांची वळणाबाहेर ढकलली जाते.

अण्णांनी मला सुरुवातीला गाडीत बसूच दिलं नाही. आधी गाडीखाली घेतलं. चाक काढायचं, ब्रेक पॅड किती झिजलेत ते बघायचं, चाकाचे नट टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापात आवळायचे, मग त्यावर रंगाची खूण करायची. आमची भाषा म्हणजे तमिळ, हिंदी आणि गॅरेजची इंग्रजी यांची सरमिसळ. ते मला 'कण्णू' म्हणायचे, त्यांच्या मुलींना म्हणत तसंच. म्हणाले, "कण्णू, दोनशेच्या वेगात तू ज्या नटवर विसंबून असतेस, तो कुणी आवळलाय हे तुला ठाऊक पाहिजे."

सराव संपवून पिटमध्ये आले की ते स्टॉपवॉच खिशात ठेवायचे. आधी पायरोमीटरची सुई टायरमध्ये तीन ठिकाणी टोचून तापमान घ्यायचे: बाहेरची कड, मध्य, आतली कड. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त भरली आहे. बाहेरची कड भाजली असेल तर चाकाचा आतल्या बाजूचा कल कमी पडतो आहे. आकडे वहीत लिहून झाले की मग मला प्रश्न. प्रत्येक वळणासाठी तेच तीन: आत शिरताना काय झालं, मध्ये काय झालं, बाहेर पडताना काय झालं? मी 'मला वाटतं' म्हणून सुरुवात केली की ते हात वर करायचे. "तुला काय वाटलं ते नंतर. गाडीनं काय केलं ते आधी."

माझं सगळं रेसिंग या एका वाक्यावर उभं राहिलं. घाबरले असेन तर गाडी वाईट वाटायची, जोरात असेन तर चांगली. अण्णा त्या दोन्हींच्या पलीकडचं खरं मागायचे. वळणाच्या मध्यात गाडी नाक बाहेर काढते आहे, एवढं नेमकं सांगितलं की ते मागचा अँटी-रोल बार कडक करायचे आणि पुढच्या सत्रात गाडी वळू लागायची. मी जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं, म्हणून त्यांना योग्य पान्याला हात घालता आला. चालक आणि मेकॅनिक यांच्यातला विश्वास असा बोलण्याच्या खरेपणातून तयार होतो.

चेन्नईचा परतीचा पाऊस हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांवर कोसळतो. अशाच एका शर्यतीआधी ग्रिडवर जायला थोडा वेळ उरला असताना आकाश भरून आलं. बाकीचे तंबूत चर्चा करत होते. अण्णा गाडीखाली शिरले आणि त्यांनी मागचा अँटी-रोल बार सोडवून टाकला. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी ओल्या ट्रॅकवर ब्रेक मारताना शेपूट फेकते. मागची बाजू मऊ केली की ती शांत राहते. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट चिखलानं माखला होता. खिडकीतून आत वाकून हार्नेस स्वतः ओढून बघितला आणि म्हणाले, "आता ती तुला फसवणार नाही. तू तिला फसवू नकोस." त्या दिवशी मी तिसरी आले. पोडियमवर मला बोलावलं, अण्णांना कुणी बोलावलं नाही. मी करंडक घेऊन थेट पिटमध्ये गेले. तोवर ते पुढच्या शर्यतीच्या गाडीचं बॉनेट उघडून कामाला लागलेले होते.

एका हंगामाच्या मध्यात आमच्या प्रायोजकानं हात आखडता घेतला. टायर, प्रवेश फी, इंधन, वाहतूक, सगळं एकदम बाबांच्या अंगावर आलं. घरात शर्यती थांबवण्याचं बोलणं सुरू झालं. अण्णांनी काही न विचारता इतर संघांकडून वापरलेले, पण अजून जीव असलेले स्लिक टायर गोळा केले आणि रबराची कड हातानं चाचपून चांगल्या जोड्या लावल्या. संघाचं काम संपल्यावर रात्री ते माझं इंजिन बांधायचे. हंगाम संपल्यावर बाबा पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णांनी टायरचे पैसे मोजून घेतले, मजुरीचे परत केले. बाबांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "हे माझ्याकडेही असंच आलंय. ज्या पोराकडे पैसे नसतील, त्याला द्या."

त्यांच्याकडे ते कुठून आलं, हे मला पुढे कळलं. विशीत असताना अण्णा एस. करिवर्धन यांच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. करिवर्धन हे कोइमतूरच्या उद्योजक घराण्यातले आणि स्वतः शर्यतीचे चालक. त्या काळात शर्यती शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या आणि रेसिंग कार म्हणजे मूठभर श्रीमंतांची गोष्ट. करिवर्धन यांनी मारुती ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन घेऊन १९८०च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती तयार केली. तिचे सुटे भाग देशातच मिळायचे, खर्च आवाक्यात यायचा आणि तरुण मुलांना खऱ्या रेसिंग कारमध्ये बसायला मिळायचं. २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, देशात आधी याच फॉर्म्युला मारुतीत धावला. १९९५च्या ऑगस्टमध्ये करिवर्धन हलक्या विमानाच्या अपघातात गेले. चेट्टिपाळयमच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. मी त्या ट्रॅकवर कितीतरी वेळा धावले, आणि ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांचंही देणं माझ्यावर होतं, हे अण्णांच्या एका वाक्यानं मला समजलं.

आता मी स्पर्धेत उतरत नाही, नव्या मुलांना शिकवते. हल्ली गाडीत डेटा लॉगर असतो. ब्रेक कुठे दाबला, थ्रॉटल किती उघडला, स्टिअरिंग किती फिरलं, सगळं पडद्यावर रेघांत दिसतं. मी तो पडदा नंतर उघडते. आधी तेच तीन प्रश्न विचारते. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला गाडीखाली नेते आणि त्याच्या मेकॅनिकशी नावानं ओळख करून देते. पोडियमवर फॉर्म्युला वनमध्ये विजेत्या संघाचा प्रतिनिधी चालकांसोबत उभा राहतो, कधी कधी मेकॅनिकही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्येही मेकॅनिकला तिथे बोलवावं, असं मी संयोजकांना दरवर्षी सांगते आणि सांगत राहीन.

अण्णांनी परत केलेल्या मजुरीचा आकडा बाबांनी वहीत लिहून ठेवला होता. ती वही आता माझ्याकडे आहे. त्या रकमेतून आधी आमच्या कोल्हापूरच्या एका मुलाची कार्टिंगची प्रवेश फी भरली, मग एका गॅरेजमधल्या पोराची आयटीआयची. मूळ रक्कम कधीच संपली, तरी दर हंगामाला मी त्यात भर घालते. हिशेब सांगायला कोइमतूरला फोन करते तेव्हा अण्णा रक्कम विचारत नाहीत. त्या मुलाचं नाव विचारतात, आणि तो नट स्वतः आवळतो का, हे विचारतात.