कमरेला पिस्तूल, हातात फोन

माझ्या बायकोला तो पोलीस दरडावून म्हणाला, "फोन खाली ठेव." त्याच मिनिटाला, कमरेला उघडं पिस्तूल लावून आमच्या गाडीचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाला त्याने विनंती केली, "सर, जरा मागे उभे राहता का?" हे मला अजूनही पचलेलं नाही.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो, डॅलसच्या उत्तरेला. थंडीचे दिवस होते, बाबा वर्ध्याहून आलेले. रात्री एका ओळखीच्यांकडून जेवून परतताना मागे लाल-निळे दिवे चमकले. आमच्या गाडीचा मागचा एक दिवा गेला होता, एवढंच कारण. मी गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली. इथे राहणाऱ्याला पुढचं सगळं पाठ असतं: इंजिन बंद करायचं, आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि काही झालं तरी खाली उतरायचं नाही. आपल्याकडे पोलिसाने हात केला की माणूस उतरून सामोरा जातो, कागद दाखवतो, चार शब्द बोलतो. बाबांचा सगळा जन्म तसाच गेलेला. ते दार उघडायलाच निघाले होते. "बाबा, बसून राहा," एवढं मी म्हटलं आणि ते बसले.

पण बाबांना मधुमेह आहे. घाबरले की साखर उतरल्यासारखं होतं, म्हणून पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत त्यांनी हात घातला. बिस्किटाचा पुडा होता त्यात. पोलिसाचा टॉर्च मागच्या काचेवर आला आणि तो ओरडला, "हात दाखव! हात!" बाबांना इंग्रजी कळतं, पण असं ओरडलेलं नाही. त्यांचा हात पिशवीतच राहिला. पोलिसाचा उजवा हात त्याच्या होल्स्टरवर गेला. अंगठ्याने त्याने वरचं कुलूप सोडवलं. तो आवाज मी ऐकला. मी मराठीत ओरडलो, "बाबा, पिशवी सोडा, हात वर करा!" तर तो माझ्यावरच खेकसला की कुठल्या भाषेत काय सांगतोयस. बाबांनी दोन्ही हात माझ्या सीटच्या पाठीवर ठेवले. त्यांची बोटं माझ्या मानेला लागत होती आणि ती थरथरत होती. "काय म्हणतो रे तो?" ते विचारत होते. सत्तरी ओलांडलेला, कानटोपी घातलेला माणूस.

त्या क्षणी मला सुरेशभाई पटेल आठवले. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात, नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले ते आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला, पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येईना, आणि एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर असं आदळलं की ते अंशतः लुळे झाले. हे पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरींचं एकमत झालं नाही आणि अखेर न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. तरीही तो व्हिडिओ होता म्हणून जगाला कळलं तरी.

बायकोच्याही डोक्यात तेच असणार. तिने फोन वर धरला, आणि मग ते दरडावणं आलं. हात दिसू देत, हे सांगायचा पोलिसाला अधिकार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचे दोन्ही हात दिसतच होते, एकात फोन होता. त्याला नको होता तो फोन.

तेव्हाच पंपावर उभ्या पिकअपमधून तो माणूस उतरला. गोरा, दाढीवाला, पट्ट्याला पिस्तूल. माझ्या पोटात गोळा आला. पोलिसापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. त्याने खिशात हात घातला आणि फोन काढला. काही न बोलता शूटिंग सुरू केलं. पोलिसाने त्याला मागे व्हायला सांगितलं, तो दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "मी सार्वजनिक जागेत उभा आहे." बस्स. पोलिसाचा आवाज उतरला. बाबांना काय हवंय ते त्याने विचारलं, बिस्किटं काढू दिली, मला ताकीद लिहून दिली आणि तो गेला.

टेक्ससमध्ये २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडपणे लावून फिरता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. रायफल तर त्याआधीपासून खांद्याला लावून फिरता येत होती. किराणा दुकानात भाजी निवडताना शेजारच्याच्या कमरेला पिस्तूल असणं मला कधीच मान्य झालेलं नाही, होणारही नाही. आम्हा व्हिसावरच्या लोकांना तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही. आमच्याकडे फोन आहे. आणि फोनचा हक्क कागदावर आहे: फोर्ट वर्थच्या पोलीस ठाण्याबाहेर पदपथावरून शूटिंग करणाऱ्या एकाला बेड्या घातल्या गेल्या, त्या प्रकरणात २०१७ साली इथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क नागरिकाला आहे, वाजवी बंधनं पाळून. त्याआधी, २०१५ मध्ये, टेक्ससच्या विधानसभेत एक विधेयक आलं होतं: पोलिसांचं चित्रीकरण करणाऱ्याने २५ फूट लांब राहावं, आणि त्याच्याकडे बंदूक असेल तर १०० फूट. विरोध झाला, ते मागे पडलं. त्या रात्री पंपावर नेमकं उलटं झालं. बंदूकवाल्याला दोन पावलं मागे जाणं पुरलं, आणि बंदूक नसलेल्या बाईला फोन खाली ठेवावा लागला.

बाबा घरी येऊन म्हणाले, "त्या पिस्तूलवाल्याला चहाला बोलवायला हवं होतं." मलाही तसंच वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचाच राग आला. तो माणूस काळा असता तर? २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिलने पोलिसाला आपणहून सांगितलं होतं की माझ्याजवळ बंदूक आहे, परवानाही होता त्याच्याकडे. त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. गोळ्या लागल्यानंतरचं सगळं त्याच्या मैत्रिणीने फेसबुकवर थेट दाखवलं, तरी अधिकारी निर्दोष सुटला. कॅस्टिल गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या डॅलसमध्ये त्याच्या निषेधाच्या मोर्च्याच्या वेळी पोलिसांवर गोळीबार होऊन पाच पोलीस मारले गेले. त्या मोर्च्यात कायदेशीरपणे रायफल घेऊन चालणाऱ्या मार्क ह्यूजचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर पसरवला. गोळीबाराच्या वेळचा त्याचा व्हिडिओ निघाला नसता तर काय झालं असतं, विचारही करवत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्या सगळ्यांना मी सांगतो: फोन हातात घेऊन बसू नका, डॅशबोर्डवर आधीच लावून ठेवा. आईवडील आले की पहिल्याच आठवड्यात गाडीत बसवून त्यांच्याकडून हात वर ठेवण्याची तालीम करून घ्या. हे सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

त्या माणसाने व्हिडिओ जागच्या जागी माझ्या फोनवर पाठवला होता. इथे पोलिसाविरुद्धची तक्रार लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. बायकोने ती दिली, व्हिडिओसकट. उत्तर आलं की वयस्कर प्रवाशाला हात दाखवायला सांगणं सुरक्षेच्या नियमांना धरून होतं. फोनबद्दल त्यात एक अक्षर नाही. तिने परत लिहिलंय, या वेळी फक्त फोनबद्दल.