तेंडुलकर आणि आजोबांचे मित्र

गेल्या रविवारी वर्गात आम्ही नाटककार विजय तेंडुलकरांवरचा माहितीपट पाहिला. ते २००८ साली गेले. आता ते भेटतात मित्रांच्या आठवणींतून. खरं सांगायचं तर अर्धं मराठी आमच्या डोक्यावरून गेलं. चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत, त्यांनी शाळा सोडली हे मात्र लगेच कळलं!

‘घाशीराम कोतवाल’चा विषय निघाला, तसे मागे बसलेले आजोबा बोलू लागले. १९७२ साली पुण्यात हे नाटक आलं, तेव्हा नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून ते चिडले होते. तेही नाटक न पाहताच! त्यांच्या जिवलग मित्राने पाहिलं, वाखाणलं, आणि दोघांचं बोलणंच तुटलं. तो मित्र आता नाही.

आजोबांचे डोळे भरून आले. आम्हाला काय करावं कळेना. बाईंनी पाणी दिलं. मग आजोबाच म्हणाले, “लावा पुढे. या खेपेला पूर्ण बघतो.”

येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत, त्यांच्या मित्राच्या आठवणी रेकॉर्ड करायला. आईबाबा, तुमचं कुणाशी बोलणं तुटलंय का? आजच फोन करा ना!